ठकूबाईचा बारा हात दोर

सखाहरी पंचाचं वागणं बरं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं चांगलं, म्हणजे पुढं प्रभूनं त्याच्यावर केवढी दया केली ते नीट कळेल. माणूस बोरझरीच्या ख्रिस्ती देवळाचा पंच. दर रविवारी पुढच्या सतरंजीवर बसणार, प्रार्थनेला उभा राहिला की डोळ्यांतून पाणी काढणार. आणि प्रभुभोजनाच्या दिवशी द्राक्षारसाचा पेला घेऊन दाराजवळच्या माणसांपाशी आला, की तोच पेला हातभर उंच धरणार. म्हणणार, "ओंजळ करा." दाराजवळच्यांनी ओंजळ करायची आणि यानं वरून धार सोडायची. गावानं त्याच्या बापाला जन्मभर जसं पाणी वाढलं, अगदी तसंच.

दाराजवळ बसत ती खालच्या आळीची माणसं. दोर वळणारी, केरसुण्या बांधणारी. सखाहरीची वरची आळी त्यांच्या वीस वर्षं आधी प्रभूकडे आलेली. आळ्यांच्या जाती कोणत्या, ते या कथेत पुढं येणारे शांतवनबाबा कधी तोंडानं उच्चारत नसत, म्हणून इथंही लिहीत नाही. गावाच्या लेखी दोन्ही आळ्या वेशीबाहेरच्याच होत्या. पाटलाच्या विहिरीवर दोघांनाही मज्जाव होता. पण वरच्या आळीनं देवळाच्या आवारात स्वतःचा आड खणला, त्यांची चार मुलं शाळेत गेली, आणि मग त्यांना खाली बघायला कुणीतरी लागलं. माणसाला ही खोड लवकर लागते.

या खालच्या आळीत ठकूबाई राहायची. वय सत्तरीच्या घरात, पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ. तीन मुलगे, तीन सुना, आणि कुणाची छाती नाही तिच्या शब्दापुढं जायची. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले होते, तुझं नाव मार्था ठेवू. ती म्हणाली, "साहेब, नाव हाय त्येच ऱ्हाऊ द्या. देवाला मला हाक मारायची सवय झाली असंल." लिहिण्यावाचण्याच्या नावानं शून्य, दाराजवळ बसून जेवढं शास्त्र कानावर पडेल तेवढंच तिचं. पण घायपाताचा वाख, म्हणजे दोराचा धागा, हाती आला की पंचक्रोशीत तिचा हात कुणी धरू शकत नसे. ती डावरी होती. त्यामुळे तिच्या दोराचा पीळ उलटा बसे, आणि शंभर दोरांत तिचा दोर अंधारातही हाताला ओळखू येई.

तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा लहानूबा गेला. जायच्या आधी त्यानं प्रभुभोजन मागितलं. पाळकसाहेब आले, भाकर मोडून दिली. पेला सखाहरीच्या हातात. लहानूबाच्या हातांत ओंजळ करायचं बळ उरलं नव्हतं. तेव्हा सखाहरीनं पेला ओठाला लावावा की नाही? त्यानं पळसाचं पान मागवलं. पानाची पन्हळ केली आणि लांबून तोंडात सोडलं. अर्धं तोंडात गेलं, अर्धं वाकळेवर सांडलं. लहानूबा डोळे मिटून पडून राहिला. ठकूबाई बोलली नाही, आणि ती बोलली नाही म्हणजे काय झालं असेल ते तिच्या सुनांना कळलं.

त्या दिवसापासून तिनं ओंजळ केली नाही. "पेला ओठाला लागंल तवाच घेईन, न्हाईतर तशीच जाईन," एवढं सांगून ती मोकळी झाली. दाराजवळची जागा सोडली नाही, पण पेला आला की हात पदरात. तीन वर्षं ती प्रभुभोजनावाचून राहिली. वरच्या आळीला वाटे, म्हातारी माजली. तिच्या मनात मात्र एकच घोर होता. दिवस थोडे राहिलेत, आणि लहानूबा जसा गेला तसंच आपल्यालाही जावं लागणार की काय.

पाळकसाहेब तीन महिन्यांतून एकदा यायचे. त्यांनी एकदा विचारलं होतं, हे ओंजळीचं काय आहे? सखाहरी म्हणाला, "साहेब, त्यांची त्यांनाच लाज वाटते. तेच म्हणतात, आम्हांला असंच द्या." साहेबांची गाडी जुंपलेली होती. साहेब निघून गेले.

अशा या बोरझरीत, उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी, शांतवनबाबांची पावलं लागली. अंगात मळखाऊ कफनी, खांद्यावर एकतारी, काखेत फडक्यात बांधलेलं शास्त्र. बाबा कुणाचे पगारी नव्हते. गावोगाव प्रभूची भजनं गात जायचं, मिळेल ते खायचं, एवढीच त्यांची नोकरी. बाबांची जात कुणाला ठाऊक नव्हती. कुणी खोदून विचारलंच तर बाबा म्हणत, "बाप्तिस्म्याच्या दिवशी नदीला पाणी फार होतं. तिथं वाहून गेली. तुम्हांला सापडली तर परत आणून देऊ नका."

वरच्या आळीनं बाबांसाठी खाट टाकली, नवी घोंगडी अंथरली. बाबांनी खाटेला हात जोडले आणि सरळ खाली उतरून ठकूबाईच्या ओसरीवर जाऊन बसले. सखाहरीच्या काळजाला ते लागलं.

ठकूबाईनं भाकरी आणि लसणाची चटणी पुढं ठेवली. बाबांनी विचारलं, तशी तिनं ओंजळीची सगळी कथा सांगितली. डोळ्यांत टिपूस नाही, हातातला वाख सुटला नाही. शेवटी म्हणाली, "तुमच्या प्रभूला जाऊन सांगा म्हणावं एवढं."

बाबा म्हणाले, "माझा प्रभू आणि तुझा प्रभू वेगळा आहे का, ठकूबाई?"

"माझा दाराजवळ बसतो. तुमचा कुठं बसतो ते तुमी बघा."

बाबांनी हातातला घास परत भाकरीवर ठेवला. मग म्हणाले, "रविवारी मी तुझ्याशेजारी बसेन. तुला पेला मिळाला तर मी घेईन. नाही मिळाला तर मीही तसाच उठेन."

शनिवारी सकाळी देवळाचा आड उपसायला काढला. दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा सण. आसपासच्या सात गावांची माणसं यायची, आणि आडाच्या तळाला फक्त हिरवा गाळ. गाळ काढायचं काम त्या मुलुखात खालच्या आळीची माणसंच करीत. कुठं खणावं, कुठं हात लावू नये, हे त्यांना बापजाद्यांपासून माहीत. पण सखाहरीनं ठरवून टाकलं की, त्यांचा पाय आडात पडायचा नाही. मागल्या वर्षी ठकूबाईचा पुतण्या गंगाराम आडाच्या काठावर चढला म्हणून त्याला महिनाभर देवळात येऊ दिलं नव्हतं. तेव्हापासून खालच्या आळीचं माणूस आडाभोवतीच्या दगडी बांधाबाहेरच थांबे. वरून कुणी घागरीत ओतलं तर पाणी मिळे.

म्हणून सखाहरीनं आपल्या एकुलत्या एका मुलाला, आमोसला, आडात उतरवलं. आमोस चोवीस वर्षांचा, शाळेत शिकवणारा, दिवाळीतच लग्न झालेला. त्याच्या हाताला खडूची सवय, कुदळीची नव्हे. दोर आणला होता बाजारातून, काथ्याचा. ठकूबाईच्या दारावरून तो दोर मिरवत नेला, तेव्हा ती ओसरीवरून म्हणाली, "पंच, बाजारातला दोर काय देवदूतांनी वळला व्हय? त्योबी आमच्यातल्याच कुनीतरी वळलाय. वाण्याच्या दुकानातनं फिरून आला म्हनून बाटायचा राहिला का?"

बांधाबाहेर खालची आळी उभी होती. गंगारामानं आत डोकावून हाक दिली, "मास्तर, कडंला खणू नका. मधी खणा. कडंचा मुरूम भुसभुशीत हाय."

"आता तू शाळामास्तरला शिकवणार?" सखाहरी म्हणाला, आणि काठावरची माणसं हसली.

त्या हसण्यातच बाबा पुढं आले. सगळ्यांदेखत हात जोडून म्हणाले, "पंच, एक मागणं आहे. उद्या पेला सगळ्यांना सारखा द्याल का? ठकूबाईच्या ओठाला लागू द्याल?"

सखाहरीला हे चारचौघांत नको होतं. तो म्हणाला, "बुवा, तुम्ही आज इथं, उद्या तिथं. मला या गावात राहायचंय. आम्ही कसेबसे चार पायऱ्या वर आलोय. पाटील आपलं पोरगं आमच्या शाळेत घालायचं म्हणतोय. यांचा उष्टा पेला आम्ही प्यालो असं त्याच्या कानावर गेलं, तर सगळं मुसळ केरात. देव अंतःकरण पाहतो. पेल्याचं एवढं काय?"

"पेल्याचं काहीच नसेल, तर देऊन टाका," बाबा शांतपणे म्हणाले.

सखाहरीचा चेहरा लाल झाला. त्यानं बांधाबाहेर उभ्या असलेल्या ठकूबाईकडे बोट केलं. "प्रभूनं काना गावी पाण्याचा द्राक्षारस केला ना? तुम्ही या म्हातारीच्या वाखाचं रेशीम करून दाखवा. मग मी स्वतःच्या हातानं तिला पेला पाजतो."

पुन्हा हसू पिकलं. ठकूबाई तिथूनच म्हणाली, "रेशीम तुमच्या पागोट्याला लावा, पंच. माझ्या वाखाला माझंच काम पुरतंय." आणि पाठ फिरवून घरी निघाली. पण उतारावरून जाताना उद्याचा दिवसही गेला, असं तिला वाटलं. ती ओसरीवर येऊन बसली आणि कालपासून अर्धवट राहिलेला दोर पुढं ओढला. तिन्ही पदरांत पीळ भरून झाला होता. शेवटची गाठ मारून तिनं तो कोपरापासून बोटांपर्यंत मोजला. बारा हात. आळीतले बाकीचे दोर सणाआधीच्या बाजारात विकले गेले होते, आणि पुढच्या दोराचा वाख अजून दगडी डोणीत भिजत होता.

दोर मोजून होतो न होतो, तोच देवळाकडून आरोळी आली.

आमोसनं कडेलाच खणलं होतं. आडाच्या बांधीव दगडाखालचा मुरूम ढासळला आणि त्याचा उजवा पाय मांडीपर्यंत गाळात आणि दगडांत रुतला. त्याच जागी झरा मोकळा झाला. दोन महिने ज्या पाण्याची सगळे वाट पाहत होते, ते आता आमोसच्या कमरेशी चढत होतं. वरच्यांनी घाबरून दोराला हिसके दिले. रहाटाच्या लोखंडी कडेवर काथ्या घासला आणि दोर वरूनच तुटला. सगळाच्या सगळा खाली पडला. चौघांनी मुंडाशी सोडून एकाला एक बांधली आणि सोडली. आमोसनं ती धरली, वरून ओढ लागली, आणि जुनं कापड टरकलं. आता वर ना दोर, ना कापड. एक जण पाटलाच्या मळ्यातला मोटेचा नाडा आणायला धावला. मळा अर्धा कोस. आणि पाटील नाडा देणार होता की नव्हता, कुणास ठाऊक.

ठकूबाई दोर खांद्यावर टाकून निघाली. सत्तर वर्षांची बाई उतार चढून आली ती धापा टाकत. बांधाशी गंगाराम आणि खालच्या आळीचे पाच-सहा गडी उभे होते. पाय उचललेले, पण आत कुणीच गेलं नव्हतं. महिनाभर देवळाबाहेर काढलेला माणूस सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होता.

ठकूबाईही बांधाशी थांबली.

खरं लिहायचं तर तिच्या मनात दया नव्हती. तीन वर्षं लहानूबाच्या पानाचा जाब विचारणारं एक वाक्य तिनं जिभेखाली जपून ठेवलं होतं, आणि ते बोलायची वेळ आली होती. समोर सखाहरी आडाच्या काठावर गुडघ्यांवर बसला होता, पागोटं नाही, टक्कल उघडं. त्याची सून तारा काठावर पालथी पडून आत हाका मारत होती. आडातून आमोसनं बापाला हाक मारली. "बाबा, छातीला लागलं." पाणी छातीला लागलं होतं.

ठकूबाईला पळसाचं पान आठवलं.

"पंच," ती म्हणाली, "आत येऊ का?"

सखाहरीनं वर पाहिलं. शांतवनबाबा आडापाशीच उभे होते. बाबांनी मनात आणलं असतं तर त्यांनीच तिला आत घेतलं असतं. पण बाबा बोलले नाहीत. त्यांनी नुसतं सखाहरीकडे पाहिलं. हा बांध त्यानं घातला होता, तो त्याच्याच तोंडून मोडायला हवा होता.

"ये," सखाहरी म्हणाला.

"मी एकटी?"

"समदी. समदी या. आई, लेकरू जातंय माझं." शाळेसाठी कमावलेली भाषा गळून पडली आणि त्याच्या बापाची बोली तोंडात आली.

मग बांध कुणी कुठून ओलांडला ते कळलंच नाही. गंगारामानं काठावर पोटावर पडून आत पाहिलं. पाणी आमोसच्या गळ्याला आलं होतं. ठकूबाईनं दोराच्या टोकाला फासा केला आणि तिचे हात थांबले. तिनं आड पाहिला, दोर पाहिला.

"बाबा, ह्यो बारा हात हाय. आड बावीस. माझंच डोकं फिरलं म्हनून हितवर घेऊन आले."

"सोड," बाबा म्हणाले.

"बाबा, म्या मोजलाय. चाळीस वर्सांत माझं माप चुकलं न्हाई."

"तुझं माप चुकलेलं नाही. दोर तू वळलास, इथवर तू आणलास. तुझं काम झालं. आता पुढचं ज्याचं आहे तो बघेल. सोड."

वरच्या आळीतलं कुणीतरी म्हणालं, "बारा हातानं काय होणार, पाटलाच्या नाड्याची वाट पाहू." गंगारामानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

ठकूबाईनं पाय रोवून काठाशी बैठक मारली, वेटोळं मांडीवर घेतलं आणि फासा खाली सोडला. तिचा हात मापाला सरावलेला. नको म्हटलं तरी तो मोजतच राहिला. चार. सात. नऊ. दहा. मांडीवरचं वेटोळं संपत आलं असेल म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. टोक हातून निसटेल ते तिला बघायचं नव्हतं. अकरा. बारा.

टोक आलं नाही.

तेरा. दोर तिच्या तळव्याखालून सरकतच होता. तिला वाटलं, कुणी मागून दुसरा दोर जोडला. तिनं बोटानं पीळ चाचपला. पीळ उलटा होता. तिच्याच डाव्या हाताचा होता. चौदा. पंधरा. कुठं गाठ नाही, कुठं जोड नाही. अठरा. दाराजवळ बसून ऐकलेली सारफथची विधवा तिला आठवली. दुष्काळात तिच्या मडक्यातलं पीठ सरलं नाही, असं पाळकसाहेबांनी वाचलं होतं. तेव्हा ठकूबाई सुनेच्या कानात म्हणाली होती, मडकं मोठं असंल. आता तिच्या अंगावर काटा आला. वीस. एकवीस.

बाविसाव्या हाताला खालून ओढ लागली.

"धरला," आमोसचा आवाज आला, आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. पाणी त्याच्या हनुवटीला लागलं होतं.

"फासा काखंत घाल," गंगाराम ओरडला. मग काठावरच्या गड्यांना म्हणाला, "हिसका देऊ नका कुनी. मघाशी तेच केलं तुमी. नुसता ताणून धरा. पाणी गाळात शिरंल तसा गाळच पाय सोडतोय."

सगळ्यांनी दोर धरला. पुढं गंगाराम, त्याच्या मागं सखाहरी, सखाहरीच्या मागं ठकूबाई. वरच्या आळीचे हात, खालच्या आळीचे हात, ज्याला जिथं दोर सापडला तिथं. सगळ्यांच्या शेवटी बाबा. दोर ताठ झाला, कुरकुरू लागला. वाख ओला, तळवे सोलवटलेले. आडातून बुडबुड्यांचा आवाज आला. तारानं किंकाळी मारली. सखाहरीच्या अंगाला हिसका बसला. तो आता जीव खाऊन ओढणार होता. ठकूबाईनं मागून त्याच्या मनगटावर आपला हात दाबला आणि दात-ओठ खाऊन म्हणाली, "ओढू नको. थांब. माझ्या दोरावर इश्वास ठेव."

तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं खालच्या आळीचं ऐकलं.

एक श्वास गेला, दोन गेले. मग दोर एकदम हलका झाला. गाळानं पाय सोडला होता. "आता," गंगाराम म्हणाला, आणि आमोस वर आला. चिखलानं माखलेला, ओठ निळे, पायाची सालटं निघालेली. त्याला पालथा घातला. त्यानं पाणी ओकलं, खोकला, आणि ताराचं नाव घेतलं. धन्य तो प्रभू, आणि धन्य त्याचे भक्त!

पाटलाच्या मळ्यातून माणूस परत आला तो रिकाम्या हातानं. नाडा दिला नव्हता.

मग कुणीतरी म्हणालं, दोर मोजा. गंगारामानं मोजला. बारा हात. सखाहरीनं स्वतः मोजला. बारा हात, बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. आडात पुन्हा सोडून पाहिला, तर पाण्यापासून चार हात वरच लोंबकळत राहिला, आणि पाणी तर तोवर कितीतरी चढलं होतं. त्या दिवशी काठावर होते ते पुढं म्हातारे होऊन गेले, पण हे सांगताना कुणाचं बोलणं बदललं नाही.

ठकूबाई बाजूला बसली होती, हाताला पदर गुंडाळून. बाबा तिच्याजवळ जाऊन बसले. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, म्या बांधाशी थांबले. त्येच्या तोंडून काढून घ्यायसाठी थांबले. तेवढ्यात पोराला पाणी छातीवरनं गळ्याला आलं."

बाबा म्हणाले, "मीही थांबलो, ठकूबाई. तू आणि मी, दोघांनीही हे आज प्रभूला सांगायचं आहे. मिळून सांगू." संतांचं हे असं असतं. चमत्कार त्यांच्या शब्दानं झाला, आणि ते क्षमा मागायला तिच्या रांगेत येऊन बसले.

तेवढ्यात सखाहरी आला. देवळाचा पंच, सगळ्या माणसांदेखत बाबांच्या पायांवर पडला. "बाबा, मी तुमची थट्टा केली. रेशीम मागितलं. मला माफ करा."

बाबांनी पाय मागं घेतले. म्हणाले, "माझं तुझ्याकडे काही नव्हतं, पंच. मी तर आज इथं, उद्या तिथं. जिथं चुकलास तिथं जा."

सखाहरी उठला. दोन पावलांवर ठकूबाई होती, पण ती दोन पावलं चालायला त्याला वेळ लागला. वरची आळी बघत होती. मग तो तिच्यापुढं वाकला आणि त्यानं कपाळ तिच्या चिखलानं भरलेल्या पायांवर ठेवलं. रडत होता. या वेळचं पाणी प्रार्थनेतलं नव्हतं. "आई," तो म्हणाला, "लहानूबाच्या वेळी मी पान धरलं. तू म्हणशील ते करतो."

सुना श्वास रोखून उभ्या राहिल्या. जिभेखाली जपलेलं ते वाक्य आता येणार, असं त्यांना वाटलं. ठकूबाईनं त्याच्या टकलाकडे पाहिलं. मग त्याचा दंड धरून त्याला उठवलं.

"ऊठ, सखाहरी," ती म्हणाली. "पायावर पडणं लई सोपं असतं. वाकायचं आन उठायचं. पोरगं वाचलं म्हनून आज पडलास, उद्या इसरशील. माझा निकाल ऐक. उद्या पेला आधी दाराजवळ यील. पयला माझ्या ओठाला, मग गंगारामाच्या, मग आमच्यातल्या समद्यांच्या. शेवटी तुझ्या. आन मधी पेल्याची कड पुसायची न्हाई. तसा प्यालास, तर तुझं-माझं मिटलं."